बांधाखालून गेलेली विहीर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



तेलाच्या आणि वायूच्या आडव्या विहिरींचा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. मी अभियंता नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आणि आता निवृत्त आहे. परंतु यंत्र कसे चालते एवढे समजून घेऊन थांबायचे नाही, त्याचा खर्च कोणी सोसला आणि फळ कोणाच्या पदरात पडले हेही विचारायचे, ही खोड अर्थशास्त्राच्या मास्तराला लागलेलीच असते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्या तंत्राने जगाच्या तेलबाजाराची उलथापालथ केली, त्या तंत्राकडे आज आपण या दृष्टीने पाहणार आहोत. सुरुवात मात्र तेलापासून न करता पाण्यापासून करतो; कारण आडवी विहीर ही वस्तू आपल्या शेतकऱ्याला टेक्सासच्या तेलवाल्याइतकीच ठाऊक आहे.

आमच्या गावी ओढ्याकाठच्या रानात माझ्या चुलतभावाची विहीर आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात, दुष्काळ ऐन भरात असताना, शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीत यंत्र उतरवून चारही अंगांनी आडवे बोअर मारले. आपल्याकडे काळ्या खडकाचे थर एकावर एक पसरलेले असतात आणि पाणी असते ते थरांमधल्या सांध्यांत व भेगांत. उभ्या बोअरला सांधा लागला तर लागला. आडवे बोअर सांध्याच्या अंगाने जाते, म्हणून त्याला पाणी लागण्याचा संभव अधिक. शेजाऱ्याला पाणी लागले. आठ-पंधरा दिवसांत भावाच्या विहिरीचा तळ दिसू लागला. एक बोअर बांधाखालून आपल्या रानात शिरले आहे, असे भावाचे म्हणणे. तो तलाठ्याकडे गेला. तलाठी म्हणाला, "सातबारा जमिनीचा असतो, पाण्याचा नसतो."

शेजारी लबाड माणूस होता असे नाही. त्याचाही ऊस वाळत होता, त्याच्याही डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते. पण पाहा: बांध वीतभर कोरला तर गावात डोकी फुटतात, मोजणी येते, खटला तीन पिढ्या चालतो, आणि बांधाखालून शंभर फूट आत गेलेल्या बोअरसाठी सरकारी दप्तरात साधा रकानाही नाही. जमिनीच्या वर मालकीच्या रेषा आहेत, खाली नाहीत. तेलाच्या आडव्या विहिरीने हाच प्रश्न जगाच्या पाठीवर फार मोठ्या प्रमाणावर उभा केला आहे.

प्रथम तंत्र समजून घेऊ. जमिनीच्या पोटात तेलाची तळी असतात, हा एक सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेले असते. असा तेलधारी थर पुष्कळदा जाडीने थोडका आणि विस्ताराने अफाट असतो. थर वीस मीटर जाडीचा असला, तर उभी विहीर त्यातला वीस मीटरचाच भाग कापते व पलीकडे निघून जाते. तीच विहीर थरात शिरताना वळविली आणि त्याच्या पोटातून दोन किलोमीटर नेली, तर खडकाशी तिचा संबंध शंभर पटींनी वाढतो. उत्पादन शंभर पटींनी वाढत नाही, पण कित्येक पटींनी वाढते, आणि पूर्वी ज्या थरांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ते परवडू लागतात.

पोलादी नळी वळते कशी? एक-दोन किलोमीटर लांबीची नळी ही ताठ पहार राहत नाही; एवढ्या लांबीवर ती वेताच्या छडीसारखी लवते. खडक कापणारे बिट नळीच्या टोकाला असते आणि त्याच्या मागे एक मोटर बसविलेली असते. नळीतून वरून दाबाने सोडलेला पातळ चिखल ही मोटर फिरवितो. त्यामुळे वरची सगळी नळी न फिरविता केवळ बिट फिरविता येते. मोटरच्या आवरणाला एक-दोन अंशांचा बाक दिलेला असतो. बाक ज्या दिशेला धरावा त्या दिशेला विहीर हळूहळू झुकत जाते आणि काही शे फुटांच्या प्रवासात आडवी होते. बिट कोठे पोहोचले हे वर कळते तेही चिखलाच्या द्वारेच. टोकाजवळची उपकरणे चिखलाच्या दाबात ठोके उमटवितात आणि वैद्याने नाडी पाहावी तसे वरचे तंत्रज्ञ ते ठोके वाचतात.

शेल नावाचा खडक मात्र इतका घट्ट असतो की त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात. तेथे आडवी विहीरही पुरत नाही. तिच्यात प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने सोडून खडकाला भेगा पाडाव्या लागतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. याला फ्रॅकिंग म्हणतात. आडवी खोदाई आणि फ्रॅकिंग या दोन वेगळ्या कला आहेत. त्यांची गाठ अमेरिकेत पडली आणि तेथून पुढचा इतिहास घडला.

आता पहिला प्रश्न: ही विद्या कोणी घडविली? भांडवलशाहीच्या पुराणात याचे उत्तर तयार असते. एक धाडसी उद्योजक असतो, सगळे जग त्याला वेड्यात काढते, आणि अखेरीस त्याचा विजय होतो. येथे त्या नायकाचे नाव जॉर्ज मिचेल. ग्रीसहून आलेल्या एका गरीब स्थलांतरिताचा हा मुलगा १९१९ साली टेक्सासमध्ये जन्मला आणि फोर्ट वर्थ शहराजवळच्या बार्नेट नावाच्या शेल थरातून वायू काढण्यासाठी १९८१ पासून पुढे जवळजवळ दोन दशके चिकाटीने पैसा ओतत राहिला. त्याची चिकाटी खरी होती. तिचे श्रेय नाकारण्याचा क्षुद्रपणा आपण करू नये. पण कथा तेथे सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही.

१९५३ साली सोविएत संघातील बश्किरिया प्रांतात अलेक्झांडर ग्रिगोर्यान या अभियंत्याने एका विहिरीला खाली नऊ फाटे फोडले आणि ते थराच्या पोटात आडवे पसरविले. चिखलाच्या प्रवाहावर फिरणारे टर्बाइन तळाशी बसविण्याची विद्या त्या देशात १९२० च्या दशकापासूनच विकसित होत होती. या विहिरीला शेजारच्या विहिरींच्या दीडपट खर्च आला आणि तेल सतरा पट मिळाले. तरीही ती पद्धत तेथे रुजली नाही. पश्चिम सैबेरियात अफाट तेलक्षेत्रे सापडली आणि साध्या उभ्या विहिरी खोदून कोटा पुरा करणे सोपे झाले. खोदाईपथकांचे काम किती तेल मिळाले यापेक्षा किती मीटर खोदले यावर मोजण्याची नोकरशाही रीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मालकी सरकारी झाली म्हणजे शहाणपण आपोआप येते असे नाही, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

पुढचे पाऊल फ्रान्सने टाकले. एल्फ आकितेन ही त्या वेळची सरकारी मालकीची कंपनी आणि तेथील सार्वजनिक पेट्रोलियम संशोधन संस्था यांनी मिळून १९८० साली लाक येथे, आणि १९८२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ एड्रिअॅटिक समुद्रातील रोस्पो मारे येथे आडव्या विहिरी यशस्वी करून दाखविल्या. सोविएत अभियंत्यांनी जे सिद्ध केले होते ते आता व्यापारी हिशेबातही बसते, हे जगाला पटले.

आणि अमेरिका? १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथील केंद्र सरकारने १९७६ साली पूर्वेकडील शेल थरांच्या अभ्यासाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. १९८६ साली त्याच सरकारी साहाय्याने वेस्ट व्हर्जिनियातील शेलमध्ये सुमारे दोन हजार फुटांची आडवी विहीर खोदली गेली. चिखलातल्या ठोक्यांनी संदेश पाठविण्याच्या तंत्रालाही सरकारी पैशाचा हातभार होता. खडकाला पडणाऱ्या भेगांचा सूक्ष्म आवाज टिपून त्यांचा नकाशा काढण्याची विद्या सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेत वाढली. १९८० च्या एका कायद्याने अशा अवघड वायूवर करसवलत दिली. ती २००२ पर्यंत मिळत राहिली. खुद्द मिचेलच्या कंपनीने बार्नेटमध्ये पहिली आडवी विहीर १९९१ साली खोदली, तिच्या खर्चाचा भार गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटने उचलला होता. आणि या संस्थेचा निधी वायूच्या ग्राहकांकडून सरकारमान्य अधिभार घेऊन जमत असे. म्हणजे टेक्सासच्या नायकाच्या प्रयोगाची वर्गणी घराघरातल्या चुलीने दिली होती. त्यानंतर १९९८ च्या सुमारास मिचेलच्या अभियंत्यांना स्वस्त फ्रॅकिंगचे गमक सापडले; २००२ साली डेव्हन या कंपनीने मिचेलची कंपनी तीनशे कोटींहून अधिक डॉलरांना घेतली आणि त्या फ्रॅकिंगला आडव्या विहिरींची जोड दिली. खर्चाची पहिली आणि सर्वांत अनिश्चित वीस वर्षे समाजाने वाटून घेतली. नफ्याची वर्षे मात्र भागधारकांची झाली.

दुसरा प्रश्न मालकीचा. येथे पुन्हा विहिरीकडे यावे लागते. १८४३ साली इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. तो न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा प्रत्येक मालकाला हक्क आहे; शेजाऱ्याची विहीर आटली तर ते त्याचे नशीब. हे तत्त्व इंग्रजांनी दोन दिशांना नेले. आपल्याकडे ते १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उतरले. माझ्या भावाला तलाठ्याने दिलेले उत्तर मुळात तेथले आहे. अमेरिकेत ते तेलाला लागू झाले. १८८९ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल आणि वायू यांची तुलना रानटी जनावरांशी केली. हरिण माझ्या रानातून तुझ्या रानात गेले आणि तू ते मारले, तर ते तुझे. तेलही तसेच.

या न्यायाचा परिणाम काय झाला? शेजाऱ्याने उपसण्याआधी आपण उपसावे यासाठी जो तो धावू लागला. टेक्सासमधील किलगोर या गावी एकराच्या आसपासच्या जागेत चोवीस विहिरी उभ्या राहिल्या. १९३१ साली पूर्व टेक्सासमध्ये इतके तेल उपसले गेले की पिंपाचा भाव काही सेंटांवर घसरला, आणि उपसा थांबविण्यासाठी राज्यपालांना सैनिक पाठवावे लागले. खाजगी मालकीच्या पवित्र तत्त्वाचे रक्षण करण्यासाठी नव्हे, त्याच्या परिणामांपासून तेलउद्योगाला वाचविण्यासाठी ते सैनिक आले होते, हे ध्यानात घ्यावे.

मग आडवी विहीर आली. तीन किलोमीटरची विहीर एका मालकाच्या जमिनीखाली मावत नाही. ती दहा-वीस, कधी शंभर मालकांच्या बांधांखालून जाते. त्यांपैकी एकाने नाही म्हटले तर काय करायचे? ज्या देशात मालमत्तेचा हक्क हा धर्म मानला जातो, तेथे विहीर थांबेल असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. ओक्लाहोमा, ओहायो, नॉर्थ डकोटा, कोलोरॅडो अशा अनेक राज्यांत सक्तीने जमिनी एकत्र करण्याचे कायदे पूर्वीपासून होते. ते आता धडाक्याने वापरले गेले. राज्याच्या मंडळाचा आदेश निघाला की नाही म्हणणाऱ्याचाही वायू काढला जातो आणि त्याला ठरलेला हिस्सा दिला जातो.

या कायद्यात मुळात काही गैर आहे, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक तुकड्यावर वेगळी विहीर खोदण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक खोदणे केव्हाही शहाणपणाचे. पण आम्ही सार्वजनिक हितासाठी जमिनीची कमाल मर्यादा मागतो, कुळाला हक्क मागतो, तेव्हा ज्या मालमत्तेच्या हक्काची ढाल पुढे केली जाते, तीच ढाल कंपनीचे बिट बांधाखाली येऊन ठेपताच बाजूला ठेवली जाते. जमिनीखालची संपत्ती तुकड्यातुकड्यांत वाटता येत नाही, ती एकत्रच हाताळावी लागते, हे भांडवलाने कृतीने मान्य केले आहे. वाद उरला तो इतकाच: एकत्र कोणासाठी, आणि ठरविणार कोण?

ठरविण्याच्या बाबतीत टेक्सासमधील डेंटन या शहराची हकीकत बोलकी आहे. हे शहर बार्नेट थरावरच वसले आहे. घरांशेजारी चालणाऱ्या खोदाईला विटून नागरिकांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान घेतले आणि सुमारे ५९ टक्के मतांनी शहराच्या हद्दीत फ्रॅकिंगला बंदी घातली. अवघ्या सहा महिन्यांत, मे २०१५ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून अशी बंदी घालण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला. त्याआधी २००५ साली केंद्राच्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी असलेल्या कायद्यातून बहुतांशी वगळले होतेच. ज्याच्या घराखालून विहीर जाते त्याला मत नाही. ज्याची विहीर आहे त्याच्यासाठी कायदे वाकतात.

या तंत्राचे फळ लहान नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००८ साली अमेरिकेचे खनिज तेलाचे उत्पादन रोज सुमारे पन्नास लाख पिंपांवर घसरले होते. २०२४ साली ते सरासरी १ कोटी ३२ लाख पिंपांवर गेले. स्वस्त वायूमुळे कोळसा मागे पडला. २००५ च्या सुमारास अमेरिकेची निम्मी वीज कोळशावर होई. २०२३ साली तो वाटा सुमारे १६ टक्के राहिला आणि वायूचा सुमारे ४३ टक्के झाला. त्या मानाने विजेचा धूर कमी झाला. पण वायू गळतो, आणि हा मिथेन वातावरण तापविण्यात कार्बन डायॉक्साइडपेक्षा कितीतरी जहाल असतो. विहिरींतून तेलासोबत येणारे खारे पाणी पुन्हा जमिनीत कोंबल्यामुळे ओक्लाहोमात धरणीकंपांची रांग लागली. २०१६ साली पॉनी येथील धक्का ५.८ इतक्या तीव्रतेचा होता. शिवाय शेलची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक ओसरते. उत्पादन टिकवायचे तर खोदतच राहावे लागते, त्यासाठी कर्ज काढतच राहावे लागते. भाव कोसळले की कंपन्या बुडतात, कामगार रस्त्यावर येतात. एप्रिल २०२० मध्ये एक दिवस अमेरिकी तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. त्याच वर्षी शेलमधील बडी कंपनी चेसापीक हिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पूर्व टेक्सासमध्ये १९३१ साली जी धावपळ झाली तीच पुन्हा झाली, यंत्रे तेवढी नवी.

यावर कोणी म्हणेल की तेलाचा धंदाच असा. त्याला इलाज नाही. म्हणून मी आपल्याला अमेरिकेतून नॉर्वेत नेतो. बिट तेच, मोटर तीच, चिखल तोच. मालकी मात्र वेगळी.

नॉर्वेने ३१ मे १९६३ रोजी जाहीर केले की आपल्या समुद्रतळाखालची संपत्ती राष्ट्राची आहे. १९७२ साली सरकारी तेलकंपनी आणि तिच्याहून वेगळे, नियमन करणारे सार्वजनिक संचालनालय अशा दोन संस्था स्थापन केल्या. ही रचना घडविण्यात फारूक अल-कासिम या बसऱ्याहून आलेल्या इराकी भूशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. १९७९ साली बर्गेन शहराच्या पश्चिमेस समुद्रात ट्रोल नावाचे अजस्र वायुक्षेत्र सापडले. वायूच्या खाली तेलाचा एक पातळ थर होता: कोठे बारा-तेरा मीटर, कोठे पंचवीसच्या आसपास. उभ्या विहिरींनी ते तेल परवडणारे नव्हते. नफ्याचा सरळ हिशेब सांगत होता की वायू उपसावा आणि तेल सोडून द्यावे. आणि वायू आधी उपसला असता तर ते तेल कायमचे गमावले असते.

सार्वजनिक यंत्रणेने ही घाई होऊ दिली नाही. तेल राष्ट्राचे आहे, ते वाया घालविता येणार नाही, आधी त्याचा मार्ग शोधा, असा आग्रह तिने धरला. त्या आग्रहातून, १९९० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांनंतर, ट्रोलच्या पातळ थरातून आडव्या विहिरी नेण्यात आल्या. १९९५ साली तेल सुरू झाले आणि जे तेल हिशेबातून वगळले जाणार होते त्याच्या बळावर ट्रोल हे नॉर्वेच्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक बनले. ट्रोलमध्ये राज्याचा थेट हिस्सा ५६ टक्क्यांच्या आसपास आहे. तेलाच्या नफ्यावर एकंदर ७८ टक्के कर आहे. १९९० च्या कायद्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक निधीत पहिली भर १९९६ साली पडली. २०२४ च्या अखेरीस तो निधी सुमारे वीस लाख कोटी क्रोनरांच्या घरात होता. त्यातून दरवर्षी किती खर्च करायचा यालाही मर्यादा घातली आहे, कारण पुढच्या पिढीचा त्यावर हक्क आहे.

नॉर्वे म्हणजे स्वर्ग नव्हे. तेथील सरकारी कंपनीचे अंशतः खाजगीकरण २००१ साली झाले. स्वतः स्वच्छ विजेवर राहून जगाला तेल विकणे यातील विसंगती तेथील तरुणच दाखवितात. पन्नास-पंचावन्न लाखांच्या देशाचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण नियम बदलला की त्याच यंत्राचे फळ किती बदलते, एवढे दाखविण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे वाटत असेल तर दाभोळ आठवा. १९९० च्या दशकात टेक्सासच्या एन्रॉन कंपनीविरुद्ध गुहागरच्या लोकांनी आणि आपल्यापैकी अनेकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. वीज महाग पडेल असे आम्ही म्हणत होतो. २००१ साली वीज मंडळाने ती घेणे थांबविले, वर्षअखेर एन्रॉनने दिवाळे काढले, आणि प्रकल्प सार्वजनिक संस्थांच्या गळ्यात पडला. त्याच दाभोळच्या धक्क्यावर ३० मार्च २०१८ रोजी ‘गेल’ या सरकारी कंपनीने वीस वर्षांच्या कराराने घेतलेल्या अमेरिकी द्रवरूप वायूचे पहिले जहाज लागले. तो आला लुइझिआनातील बंदरातून. आणि अमेरिकेच्या नळांत आज वाहणारा बहुतेक वायू आडव्या विहिरींचा आहे. डेंटनच्या नागरिकांनी जे नाकारले, त्याच उद्योगाचे आपण दीर्घ मुदतीचे गिऱ्हाईक आहोत.

दुसरे, मुंबई हाय. भारतात तेल नाही असे परदेशी कंपन्या सांगत असताना केशवदेव मालवीयांच्या आग्रहाने तेल आयोग उभा राहिला आणि १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदाने ती संपत्ती संघराज्याची आहे. १९८० च्या दशकात तेथून रोज चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते. पुढे क्षेत्र ओसरू लागले. २००० नंतरच्या पुनर्विकास योजनांत जुन्या विहिरींतून फाटे काढणे आणि चुनखडकाच्या थरांतून आडव्या विहिरी नेणे यांवर भर होता, आणि हे काम ओएनजीसीच्या आपल्या अभियंत्यांनी व कामगारांनी केले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याच क्षेत्राचे उत्पादन वाढविण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपी हिला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवापुरवठादार नेमल्याचे जाहीर झाले. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क, नंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातील वाटा. ज्या कंपनीच्या पूर्वावताराविरुद्ध १९५१ साली इराणात मोसादेक उभे राहिले, तीच ही कंपनी. मालकी अजून राष्ट्राची आहे, हे खरे. परंतु विद्या भाड्याने आणावी लागते तेव्हा मालकी कागदावर राहते आणि निर्णय हळूहळू विद्येच्या मालकाकडे सरकतो. त्याच वर्षी संसदेने १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यात दुरुस्ती करून शेलमधील तेल-वायूलाही त्याच्या कक्षेत स्पष्टपणे आणले. उद्या एखाद्या जिल्ह्यात शेलची विहीर खोदण्याचा प्रस्ताव आला तर तिला लागणारे कोट्यवधी लिटर पाणी कोणाच्या वाट्याचे असेल, याचा विचार दुष्काळी भागातल्या कार्यकर्त्याने आजच करावयास हवा.

म्हणून माझे सांगणे असे की आपण यंत्राला शिव्याही देऊ नयेत आणि त्याची आरतीही ओवाळू नये. तीन प्रश्न विचारावेत. शिकण्याचा खर्च कोणी सोसला, आणि ती विद्या कोणाकडे राहणार? ज्याच्या पायाखालून किंवा ज्याच्या मासेमारीच्या पाण्याखालून विहीर जाते, त्याला निर्णयात मत आहे का? आणि तेल संपल्यावर मागे काय उरणार: निधी, शाळा, स्वच्छ विजेची सोय, की केवळ गंजलेल्या नळ्या? मुंबई हायचा करार संपूर्णपणे लोकांपुढे ठेवा, ओएनजीसीच्या संशोधनाला पैसा द्या, आणि तेलाच्या उत्पन्नाचा एक भाग अर्थसंकल्पाच्या तोंडी न लागता पुढच्या पिढीसाठी बाजूला ठेवा, या मागण्या या तीन प्रश्नांतूनच येतात.

हे परक्या देशाचे शहाणपण नव्हे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मालकीप्रमाणे न देता माणशी द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा असायचा, आणि उसाला ते द्यायचे नाही, असा नियम केला होता. पंप तेच होते, विहिरी त्याच होत्या. नियम बदलला म्हणून सर्वांना पुरले.

आमच्या गावाने असा नियम केला नाही. २०१३ नंतर भावानेही कर्ज काढून आडवे बोअर मारले, शेजाऱ्याच्या दिशेने. २०१६ च्या उन्हाळ्यात दोन्ही विहिरी एकाच आठवड्यात आटल्या. मी गावी गेलो तेव्हा दोघेही घागरी घेऊन एकाच टँकरच्या रांगेत उभे होते, आणि बांध जेथल्या तेथे होता.